आडवाटेची शर्यत आणि कॅमेऱ्याचा डोळा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे आजचा विषय वाचून पुष्कळांनी मला विचारले, "अहो, बोनस, ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड हे सारे सोडून तुम्ही सायकलच्या शर्यतीचे फोटो कसे काढावेत यावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. त्याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, सायकल हे कामगाराचे वाहन आहे. या गावात गिरण्यांचे भोंगे वाजत होते तोवर पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा पूर लोटत असे. दुसरे उत्तर असे की, ज्या कामात अंगाचा घाम निघतो ते काम नीट पाहावे कसे, हाच कामगार चळवळीतील माणसाचा जन्मभराचा विषय असतो. शर्यतीचा फोटो काढणे म्हणजे दुसरे तिसरे काही नसून दुसऱ्याचे कष्ट नीट पाहणे होय. आज कॅमेरा ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात तो फोनच्या रूपाने बसलेला आहे. तेव्हा हा विषय केवळ हौशी मंडळींचा नाही, आपणा सर्वांचा आहे.

प्रथम आडवाटेची शर्यत म्हणजे काय ते सांगतो. डांबरी सडक सोडून डोंगर, मुरूम, दगडगोटे, ओढे यांतून सायकल हाकावयाची, ही ती शर्यत. हिचा उगम मोठा मजेदार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. तेथील काही तरुणांनी भंगारात निघालेल्या, १९३०-४० च्या सुमाराच्या जाडजूड सायकली गोळा केल्या आणि १९७६ साली त्या डोंगराच्या एका कच्च्या रस्त्यावरून उतरण्याची शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १,३०० फुटांचा उतार! त्या सायकलींना मागे पायडलचा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुन्हा नवे ग्रीस भरल्याशिवाय सायकल चालत नसे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या शर्यतीला 'रिपॅक' हे नाव पडले. अशा या मोडक्या सायकलींच्या खेळाची १९९० साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटा येथे तो ऑलिंपिकमध्ये गेला. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याच्या परिसरात 'एन्ड्युरो-३' ही साहसी शर्यत २००३ सालापासून भरू लागली. तिघांच्या तुकडीने सायकल चालवावयाची, डोंगर चढावयाचे, पाणी ओलांडावयाचे, असे तिचे स्वरूप. संगमनेरच्या प्रणिता सोमण यांच्यासारख्या खेळाडूंनी या प्रकारात महाराष्ट्राचे नाव राखले आहे.

आता आपल्या विषयाला धरून एक गोष्ट सांगतो. 'रिपॅक'च्या त्या पहिल्या वर्षांचा जो चित्ररूप इतिहास आज जगापुढे आहे, त्याचा मोठा भाग वेंडी क्रॅग नावाच्या एका स्त्रीने काढलेल्या फोटोंचा आहे. ती बाहेरून आलेली वार्ताहर नव्हती. ती त्याच टोळीत, त्याच जड सायकलीवर, तोच डोंगर चढत-उतरत होती. कोणत्या वळणावर मागचे चाक घसरते, कोठे माणूस दात आवळतो, हे तिच्या हातापायांना ठाऊक होते. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे की, चांगला फोटो महाग यंत्र काढीत नाही. जे काम चालले आहे ते ज्याला कळते तो काढतो.

परंतु काम कळणे म्हणजे काय? डोळ्यांवर फार विसंबून चालत नाही, कारण वेगापुढे डोळा फसतो. घोडा भरधाव धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात की नाही, यावर मोठमोठ्या लोकांत वाद होता. १८७८ साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात धावपट्टीलगत बारा कॅमेरे ओळीने मांडले, आडवे दोरे ताणले, आणि घोड्याच्या पायांनी दोरा ओढला गेला की फोटो निघावा अशी योजना केली. चारही पाय सुटतात असे सिद्ध झाले. पण गंमत पुढेच आहे. चित्रकार शतकानुशतके घोड्याचे पाय पुढे-मागे ताणलेले काढीत होते. प्रत्यक्षात पाय सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना! आपल्या जिल्ह्यात आषाढात वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीशी रिंगण होते. माउलींचा अश्व तेथे दौडतो, तेव्हा पुढच्या वेळी हे मुद्दाम पाहा. उघड्या डोळ्यांना ते दिसणार नाही, कॅमेऱ्याला दिसेल. शर्यतीचा फोटो काढावयास शिकण्यास रिंगणासारखी शाळा नाही, कारण घोडा कोठून कोठे जाणार हे तेथे आधीच ठरलेले असते.

आता थोडे गणित. घाबरू नका, ते पगाराच्या गणिताहून सोपे आहे. सायकल ताशी १८ किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला ५ मीटर. कॅमेऱ्याची झडप, जिला शटर म्हणतात, ती सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली तर तेवढ्या वेळात सायकल ५ मिलिमीटर सरकेल. फोटोत ती जागच्या जागी खिळल्यासारखी दिसेल. तीच झडप सेकंदाच्या साठाव्या भागापुरती उघडली तर सायकल ८ सेंटिमीटर सरकेल आणि चित्र फरकटेल. उतारावर वेग दुप्पट झाला की हे सरकणेही दुप्पट होते. मात्र सायकल समोरून तुमच्याकडे येत असेल तर चित्रात तिची जागा फारशी बदलत नाही, म्हणून थोड्या संथ झडपेनेही भागते. आडवी जाणारी सायकल पकडावयाची तर झडप सर्वांत जलद हवी.

याच गणितातली एक गोष्ट मला फार आवडते. जमिनीवर लोळणाऱ्या चाकाचा जो बिंदू जमिनीला टेकलेला असतो तो त्या क्षणी स्थिर असतो, आणि चाकाचा माथा सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. म्हणून बाजूने घेतलेल्या पुष्कळ फोटोंत खालचे स्पोक मोजता येतात आणि वरचे धुरासारखे विरघळलेले दिसतात. ही फोटोतली खोड नव्हे. चाक खरोखर फिरत आहे याचा तो पुरावा आहे. सारेच खिळवून टाकले, एकही स्पोक हलला नाही, तर सायकल स्टँडला लावून त्यावर माणूस बसविल्यासारखी दिसते. म्हणून नेहमीच हजारावा भाग वापरावा असे नाही. सेकंदाचा दोनशे पन्नासावा भाग ठेवला तर चालणाऱ्याचा चेहरा बहुधा स्पष्ट राहतो आणि चाकाला गती दिसते.

दुसरी रीत कॅमेऱ्याने पाठलाग करण्याची. झडप संथ ठेवावयाची, सेकंदाच्या तिसाव्या वा साठाव्या भागावर, आणि सायकल जसजशी जाईल तसतसा कॅमेरा तिच्याबरोबर फिरवीत न्यावयाचा. सायकलस्वार स्पष्ट येतो आणि मागचे रान रेषारेषांचे होते. यात युक्ती पायांची आहे. ज्या ठिकाणी कळ दाबावयाची तिकडे पाय रोवून उभे राहा, कमरेतून वळून येणाऱ्याकडे पाहा, आणि त्याच्याबरोबर सरळ होत या. कळ दाबल्यावर हात तेथेच थांबवू नका. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार दगड सुटल्याबरोबर हात आखडता घेत नाही. हात आपल्या वळणाने पुढे जातो, तसे हे आहे. दहापैकी आठ फोटो वाया जातील. उरलेल्या दोहोंसाठीच ती मेहनत आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, उभे कोठे राहावे? माझे सांगणे असे की, शर्यतीच्या आदल्या दिवशी तो मार्ग पायी चालून या. शक्य असेल तर सायकलीवरून जा. जेथे तुमची स्वतःची छाती भरून येईल, तेथे दुसऱ्याचीही भरणार. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात सर्वांत पुढे जाणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, आणि फोटोग्राफर मंडळी त्या घाटाकडे धाव घेतात. कारण उघड आहे. चढावर वेग कमी आणि कष्ट जास्त. सपाटीवर माणूस डोके खाली घालून निघून जातो. चढावर त्याचा चेहरा बोलतो. नवशिक्याने आरंभ चढापासूनच करावा.

चढाच्या खालोखाल महत्त्वाची जागा म्हणजे जेथे चालविणाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो ती. दगड आडवा आला, ओढा आला, वाट दुभंगली, की त्याला क्षणात ठरवावे लागते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा टॉम पिडकॉक या शर्यतीत चालला असता मध्येच त्याचे चाक पंक्चर झाले. चाक बदलण्यात पुष्कळ वेळ गेला, तरी त्याने एकेकाला गाठले. शेवटच्या फेरीत पुढे फ्रान्सचा कोरेत्स्की होता. झाडीतल्या एका झाडापाशी कोरेत्स्कीने एक बाजू घेतली, पिडकॉकने दुसरी घेतली, आणि तेथेच सुवर्णपदकाचा निकाल लागला. अंतिम रेषेवर विजयी हात उंचावलेले असतात हे खरे, परंतु शर्यत त्या झाडापाशी जिंकली गेली होती. ज्याने मार्ग आधी चालून पाहिला असेल त्यालाच असे झाड सापडेल.

जागा ठरली की आधी पाठीमागे काय आहे ते पाहा. सायकलस्वाराच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला दिसला तर त्याच्या साऱ्या कष्टांचे हसू होते. कॅमेऱ्याची आणखी एक खोड अशी की, तो चढ सपाट करून टाकतो. ज्या उतारावर आपला जीव मुठीत येतो तो फोटोत अंगणासारखा दिसतो. यावर उपाय असा की, बाजूने फोटो घ्यावा आणि चित्रात एखादी सरळ उभी वस्तू ठेवावी. बाभळीचा बुंधा असो की उभा माणूस असो. त्याच्याशी ताडून पाहणाऱ्याला उतार कळतो. कॅमेरा मात्र सरळ धरावा. तो तिरपा करून चढ वाढविणे म्हणजे वजनकाट्याला अंगठा लावण्यासारखे आहे.

उजेडाविषयी सोलापूरकरांना काय सांगावे! आपल्याकडे उजेडाचा दुष्काळ कधीच पडत नाही. पण भर दुपारचे डोक्यावरचे ऊन फोटोला वैरी आहे. हेल्मेटची सावली डोळ्यांवर पडते आणि चेहरा काळा होतो. सूर्य उगवल्यापासून दोन तास आणि मावळण्यापूर्वीचे दोन तास, हा आपला काळ. त्या वेळी सूर्याला सायकलस्वाराच्या पाठीमागे तिरका ठेवून पाहा. आपल्या मुरमाची जी धूळ आपण आयुष्यभर झटकत आलो, ती अशा उजेडात सोन्यासारखी पेटते. मात्र ती धूळ भिंगावर बसली तर सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, ओरखडे पडतात. आधी फुंकून किंवा मऊ ब्रशाने झाडावी, मग स्वच्छ मऊ कापड लावावे.

फोनवाल्यांना चार शब्द. फोनमधील दोन बोटांनी चित्र मोठे करण्याची सोय पुष्कळदा फसवी असते; ती चित्र जवळ आणीत नाही, त्याचा तुकडा कापून ताणते. म्हणून मार्गाच्या सुरक्षित बाजूला, जेथून वाट जवळ दिसते अशी जागा शोधावी. एखादा दगड आधीच हेरून त्यावर बोट ठेवून रोख पक्का करावा आणि चाक त्या दगडाशी येण्याच्या किंचित आधीपासून फोटोंची सलग माळ सोडावी. मागाहून निवडावा तो एकच. आणि जवळून जाणाऱ्या सायकलीचे चाक लंबगोल, कललेले दिसले तर फोन बिघडला असे समजू नका. फोन सारे चित्र एका क्षणी घेत नाही, ओळीओळीने घेतो. तेवढ्यात चाक पुढे सरकलेले असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लार्तिग नावाच्या फ्रेंच मुलाने शर्यतीच्या मोटारीचा असाच फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याच्या झडपेची फट काचेवरून सरकत जाई, म्हणून चाक पुढे झुकलेले आले. आज तो फोटो वेगाचे चित्र म्हणून जगभर ओळखला जातो.

आता एक कडक गोष्ट. १९९९ साली फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतीत आल्प द्युएझच्या चढावर इटलीचा ग्वेरिनी सर्वांच्या पुढे होता. शिखर जवळ आले असता एक हौशी प्रेक्षक कॅमेरा डोळ्याला लावून रस्त्याच्या मध्यभागी उभा राहिला. कॅमेऱ्यातून अंतर कळत नाही. धडक झाली, ग्वेरिनी खाली पडला. तो उठला आणि जिंकला, म्हणून आज आपण ती गोष्ट हसत सांगतो. आडवाटेवर खाली दगड असतात. तेथे उठता येईलच असे नाही. म्हणून माझे नियम असे: उताराच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही उभे राहू नये, कारण घसरणारी सायकल तिकडेच येते. वाट ओलांडू नये. उतरणाऱ्याच्या डोळ्यांत फ्लॅश मारू नये. आणि कोणी पडला तर आधी कॅमेरा खाली, मागून येणाऱ्यांना हाक, आणि मग त्याला हात. त्याचे रक्त हा आपला विषय नव्हे.

आता मी माझ्या मूळ धंद्यावर येतो. गतीचे फोटो काढण्याची ही विद्या कारखान्यातही शिरली होती. १९१० च्या सुमारास अमेरिकेत गिलब्रेथ नावाच्या गृहस्थाने कामगारांच्या हातांना बारीक दिवे बांधले, झडप उघडी ठेवली, आणि हात कसकसा फिरतो त्याची प्रकाशरेषा फोटोत उमटविली. हेतू हा की, वायफळ हालचाल काढून टाकावी. त्याने काही कामे सोपी झाली हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या फोटोंत रेषा स्पष्ट दिसे आणि माणूस धूसर होई! हालचाल मोजणाऱ्यांनी थकवा कितपत मोजला, हा कामगारांचा प्रश्न होता. १९११ साली वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारातील ओतकाम करणाऱ्यांनी स्टॉपवॉचच्या विरोधात संप केला. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप चालविला, त्यामागेही एका माणसावर जादा यंत्रे लादण्याचा प्रश्न होता. कॅमेरा तोच, गती तीच. पाहणाऱ्याने रेषा पाहावी की माणूस, हा फरक आहे.

शर्यतीतही हीच कसोटी लागते. पहिल्या तिघांचे फोटो सगळेच काढतात. शंभर सायकली सुटल्या तर सत्त्याण्णव जण आणखी असतात. गिअर नसलेल्या, घरच्या साध्या सायकलीवर आलेला एखादा मुलगा शेवटून दुसरा येतो. त्याने तोच चढ चढलेला असतो, तेच ऊन खाल्लेले असते, आणि सायकल जड म्हणून कष्ट अधिक केलेले असतात. त्याच्या घरी त्या दिवसाची खूण म्हणून ठेवावयास काही नसते. कप नाही, प्रशस्तिपत्रक नाही. तुम्ही काढलेला एक फोटो तेवढा असू शकतो. म्हणून पहिला गेला की कॅमेरा आवरून चहाला जाऊ नका. शेवटची सायकल येईपर्यंत थांबा. नंबर टिपून घ्या, नाव विचारा, फोटोखाली नाव, गाव, तारीख लिहा, आणि त्याची प्रत त्याला पोहोचवा. न विचारता कोणाचा पडल्याचा, रडल्याचा फोटो चारचौघांत फिरवू नका.

आणखी एक. आज यंत्राला नुसते सांगितले की, न झालेल्या शर्यतीचे, नसलेल्या माणसाचेही हुबेहूब चित्र ते करून देते. धूळही त्यात सोनेरी असते. मग आपण पहाटे उठून माळावर कशाला जावे? यासाठी की, त्या चित्रामागे कोणी घाम गाळलेला नसतो. आपल्या फोटोत धूसरपणा असेल, हात कापला असेल, पण अमुक तारखेला अमुक मुलाने हा चढ चढला याची ती साक्ष असते. साक्षीत भर घालू नये आणि साक्षीतून काही काढूही नये. धूळ जास्त दाखविली, गर्दी कमी केली, मागे पडलेल्याला पुसून टाकले, की ती साक्ष खोटी झाली.

शर्यत जवळ नसेल तर सरावासाठी वाट पाहण्याची गरज नाही. उद्या सकाळी कोणत्याही रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहा. दुधाच्या किटल्या लटकविलेली सायकल येईल, कामावर निघालेला माणूस डबा अडकवून येईल. त्याला विचारा, तो हो म्हणाला तर चढावर त्याचा एक फोटो घ्या. स्पोक वरून विरघळलेले आणि चेहरा स्पष्ट, असा एक फोटो साधला की आडवाटेच्या शर्यतीला जावयास तुम्ही तयार झालात असे समजा. आणि तो फोटो त्याला दाखविल्याशिवाय घरी परतू नका.